वस्ती आणि गाव

घरे बांधून देता येतात; गाव बांधून देता येत नाही. रस्ते, विहिरी, शाळा यांचा खर्च अंदाजपत्रकात मांडता येतो. परंतु एखाद्या ठिकाणाविषयी माणसाच्या मनात उपजणारा आपलेपणा कोणत्या सदराखाली मांडावा? या प्रश्नाचा विचार करताना नीलोखेडीचा इतिहास मननीय ठरतो.

१९४७ च्या फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत निर्वासितांचे लोंढे येऊन थांबले. तेथे तंबू होते, शिधा होता. पण कष्टाने जगलेल्या माणसाला आयता शिधा फार काळ पचत नाही. एस. के. डे या अभियंत्याने हे ओळखले. १९४८ मध्ये त्यांनी कर्नाल व कुरुक्षेत्र यांच्या दरम्यान, हमरस्त्यालगतच्या दलदलीत नवे नगर वसविण्याचे काम हाती घेतले. ज्यांना तेथे राहावयाचे होते, त्यांनीच ती जमीन राहण्याजोगी केली. कर्मशाळा निघाल्या, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. ‘मजदूर मंझिल’ हे या योजनेचे नाव. जगण्याचा, जगण्यासाठी काम करण्याचा आणि कमावलेले हाती पडण्याचा हक्क हा तिचा पाया होता. मागे सोडून आलेले गाव कोणी विसरले नसेल. पण स्वतः खपून कोरडी केलेली जमीन परकी राहत नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समाजविकास प्रकल्प सुरू झाले. त्यांमागे नीलोखेडीचीही प्रेरणा होती. ग्रामसेवक गावोगाव पोहोचले, कामेही झाली. तरीही १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने निदान केले, की लोकांचा स्वतःचा पुढाकार या कार्यक्रमातून जागा झालेला नाही. कामे ठरवावयाची सरकारने आणि श्रमदान करावयाचे गावकऱ्यांनी, अशी वाटणी जेथे होते तेथे सहभाग नावापुरताच उरतो. नीलोखेडीची योजना अन्यत्र नेता आली. तेथील माणसांची निकड नेता आली नाही. म्हणूनच समितीने निवडून आलेल्या स्थानिक संस्थांच्या हाती अधिकार देण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या.

धरणासाठी उठविलेल्या गावांचे पुनर्वसन करतानाही हाच धडा उपयोगी पडतो. नव्या गावठाणात पार कोठे असावा, देऊळ कोठे, पाणवठा कोठे, कोणाचे घर कोणाच्या शेजारी, हे तेथे राहणाऱ्यांना आधी विचारले पाहिजे. त्यास थोडा वेळ अधिक लागेल. पण न विचारता वसविलेल्या वस्तीचे गाव होण्यास एखादी पिढी जाते, आणि कित्येकदा ते होतच नाही.