उतारवयातला श्रमिक आणि आपले राजकारण



उतारवयातल्या माणसाला काम मिळवून देणे आणि नवे काम शिकवणे ही राज्याची जबाबदारी आहे काय, असा प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. त्याचा विचार करण्यास आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर उभे राहिलेले साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघणारी पाथर्डी, शेवगावची माणसेही याच जिल्ह्यातली आहेत.

कारखान्यातला कायम कामगार निवृत्त होतो, त्याला प्रॉव्हिडंट फंड मिळतो. ऊसतोड्या निवृत्त होत नाही. त्याचा कोयता चालेनासा होतो, एवढेच. मुकादमाची उचल कोयत्यावर, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. जोडीतले एक माणूस कंबरेने थकले की उचल आटते. त्यात आता यंत्र आले आहे. 2023 साली शासनाने तोडणी यंत्राला किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान देऊ केले. यंत्र नको असे मी म्हणणार नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढण्यात कसलीही थोरवी नाही. परंतु यंत्राला अनुदान मिळते, तर ज्याच्या हातचे काम जाते त्याला काय मिळते, हे विचारायला नको काय?

राज्याला हे जमत नाही असेही नव्हे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली. 1977 साली तिचा कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. काम मागणारा प्रौढ असावा, एवढीच वयाची अट होती. वरची मर्यादा नव्हती.

आता शिक्षणाच्या योजना पाहा. ग्रामीण कौशल्याची दीनदयाळ उपाध्याय योजना 2014 साली आली, ती 15 ते 35 वयासाठी. स्त्रियांना 45 पर्यंत सवलत. राज्याची 2024 ची युवा कार्य प्रशिक्षण योजना 18 ते 35 साठी. म्हणजे साठीच्या माणसाने खडी फोडायला कायद्याची हरकत नव्हती. चाळिशीच्या माणसाने नवे काम शिकायला मात्र योजनेची हरकत आहे!

वय झाले की माणूस शिकत नाही, हा समज निदान या जिल्ह्याने तरी बाळगू नये. लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील पन्नाशीच्या आसपास होते आणि त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला, आणि शेतकरी कारखानदारी शिकले. शिकवणारा भेटला, म्हणून ते घडले.

मग अडते कोठे? ऊसतोड्याचे मत मोजले जाते, पण मागणी ऐकली जात नाही, येथे अडते. 2024 साली विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले. तोडीच्या टोळ्या निघतात त्याच दिवसांत. हिवाळ्यातल्या ग्रामसभेला तो गावात नसतोच. जो हजर नाही त्याचा प्रश्न पटलावर येत नाही.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. प्रशिक्षणाची वयोमर्यादा उठवावी. यंत्राच्या अनुदानाबरोबरच त्या टोळीतल्या वयस्क माणसांना रोपवाटिका, ठिबक दुरुस्ती यांसारखे बसून वा सावकाश होणारे काम शिकवण्याची अट घालावी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहेच. या कामाची धुरा त्याने घ्यावी. आणि पुढच्या वेळी मत मागायला जो येईल त्याला आपण, ज्यांच्या घरी साखर येते त्या सर्वांनी, एवढेच विचारावे: पन्नाशीनंतर कोयता खाली ठेवणाऱ्याच्या हातात तुम्ही काय देणार?