इसब, चिखल्या आणि नोंदीची शिस्त

इसब या एका शब्दाखाली मराठी समाज कितीतरी वेगवेगळे विकार ठेवतो, आणि खाज सुटणाऱ्या कोणत्याही चट्ट्याला कधी नायटा, कधी गजकर्ण, तर कधी खरूज म्हणून मोकळा होतो. परंतु गजकर्ण व नायटा हे बुरशीमुळे होणारे आणि खरूज ही सूक्ष्म किड्यामुळे होणारी व्याधी असून ती दोन्ही संसर्गाने पसरतात, तर इसब हा त्वचेचा दाह, म्हणजेच त्वक्‌शोथ असून तो स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही. हा भेद केवळ शब्दकोशाचा नाही. जे स्टेरॉईडयुक्त मलम इसबाचा दाह शमवते तेच नायट्यावर लावले असता खाज तेवढी दबते आणि बुरशी मात्र फोफावते, आणि चिठ्ठीवाचून घेतलेल्या अशा मलमांनी चिवट झालेले नायटे आज भारतातील प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या दारी येत आहेत.

हा प्रश्न तंजावरात मांडला जाणे उचित आहे, कारण येथील मराठा राजे दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी याच नगरात, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत, आणि त्यांत रुग्णाची स्थिती व दिलेला उपचार यांच्या जोडीला रोगग्रस्त डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. महाराजांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकसंस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य वैद्यक एकत्र नांदत होते. त्याच काळात, 1808 साली, लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांचे वर्गीकरण प्रसिद्ध करून पुटकुळी, पापुद्रा, फोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर ते उभे केले. कारणाविषयी तर्क करण्याआधी जे दिसते ते लिहावे व रेखाटावे, ही शिस्त दोन्ही ठिकाणी आढळते, आणि त्वचेइतकी उघडी इंद्रिये थोडीच असल्यामुळे त्वचारोगाला तिची सर्वाधिक गरज आहे.

प्राचीन ग्रंथकारांची दृष्टीही अशीच सूक्ष्म होती. चरकाने विचर्चिका या त्वचाविकाराला पुष्कळ स्राव सांगितला, सुश्रुताने तीच रूक्ष व रेषायुक्त म्हटली. दोन्ही वर्णने इसबाच्या दोन अवस्थांशी जुळतात, कारण ताजा इसब पाझरतो आणि जुना होता होता कोरडा, जाड व रेघाळ बनतो. मात्र ही विचर्चिका अठरा कुष्ठांपैकी अकरा क्षुद्रकुष्ठांत गणली गेली, आणि पुढे लोकभाषेत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरल्यामुळे त्या शब्दाचे भय निरुपद्रवी विकारालाही चिकटले. इसब झालेल्या मुलीच्या लग्नात हे भय आजही आड येते, हे अत्यंत दुःखद आहे.

बालपणी गालांवर व पुढे कोपर-गुडघ्यांच्या लवणीत उठणारा, ज्या कुळात दमा किंवा वारंवार शिंका येण्याची प्रवृत्ती असते तेथे विशेष आढळणारा इसब हा ॲटॉपिक म्हणून ओळखला जातो. त्वचेचा बाह्य थर विटांच्या भिंतीसारखा असतो. फिलाग्रिन हे प्रथिन ती भिंत घट्ट ठेवते, आणि त्याच्या जनुकातील दोष या विकाराशी निगडित असल्याचे 2006 साली सिद्ध झाले. भिंतीला चिरा असल्या की ओल बाहेर जाते व क्षोभकारक द्रव्ये आत शिरतात, म्हणून सौम्य स्नान आणि अंग ओलसर असतानाच लावलेले स्निग्ध मलम हा उपचाराचा पाया ठरतो.

स्पर्शजन्य त्वक्‌शोथाचे क्षेत्र याहून विस्तृत असून तेथे लोकभाषा वैद्याच्या पुढे गेलेली दिसते. बिब्ब्याचे तेल लागून अंग सुजते व फोड येतात तेव्हा मराठी माणूस बिब्बा उतला असे म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत कारण व कार्य दोन्ही येऊन जातात. आंबा व काजू हे बिब्ब्याचेच कुळबंधू असल्यामुळे आंब्याच्या चिकाने ओठांभोवती उठणारे पुरळ आणि काजूगराच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने भाजणारे हात हे त्याच नात्यातले होत. अशा ॲलर्जीत शरीर एखादे द्रव्य एकदा ओळखून ठेवते व पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच्यावर उठते. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पडणारा चट्टा, केसांच्या कलपाने सुजणारे कान आणि नकली दागिन्यांतील निकेलने मानेवर उठणारी खाज यांची कुळकथा हीच आहे. पुण्याच्या परिसरात 1950 च्या दशकात दिसू लागलेल्या काँग्रेस गवताने तर न शिवताच, केवळ वाऱ्यावरून येऊन, शेतकऱ्यांच्या पापण्या, मान व कोपरांच्या लवणी ग्रासल्या, आणि सुरुवातीला हंगामापुरता येणारा हा त्रास अनेकांच्या बाबतीत वर्षभराचा झाला. संशयित द्रव्याची पट्टी पाठीवर दोन दिवस चिकटवून त्वचेची प्रतिक्रिया पाहण्याची चाचणी योझेफ यादासोन यांनी 1895 साली मांडली, आणि योग्य प्रश्न विचारून झाल्यावर ती आजही सर्वांत विश्वसनीय आहे.

योग्य प्रश्न म्हणजे रुग्णाचा व्यवसाय, त्याच्या हाताखालून जाणाऱ्या वस्तू आणि सुट्टीत विकार ओसरतो का, यांची चौकशी. म्हणून प्रत्येक नोंदपत्रात निदानाच्या रकान्याशेजारी रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहिला जावा, आणि चट्ट्याचे छायाचित्रही जोडले जावे. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारा दाह सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा राखी दिसतो आणि परदेशी पाठ्यपुस्तकांवर पोसलेल्या डोळ्यांतून तो निसटतो, यासाठी ही मागणी आग्रहाने करावी लागते. रुग्णाच्या शब्दाचेही तसेच आहे: भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचा फुगून पांढरी पडते व भेगाळते, तेव्हा कोकणात त्याला चिखल्या म्हणतात. कावेरीच्या खोऱ्यातील तमिळ शेतमजूर त्यालाच सेट्रुप्पुण्, म्हणजे चिखलाचा व्रण, असे म्हणतात, आणि तंजावरच्या ज्या घरांत मराठी अजून बोलली जाते तेथे येणाऱ्या वैद्याला हे दोन्ही शब्द ठाऊक असले पाहिजेत.