रक्तातील साखर घटणे : तातडीचा उपचार आणि हरवलेली पूर्वसूचना
(जागतिक मधुमेह दिनानिमित्त दिल्ली व परिसरातील मराठी भाषकांसमोर एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ नोव्हेंबर हा सर फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिन वेगळे काढण्यात यश मिळवले, म्हणून हा दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वाढलेल्या साखरेविषयी आपण नेहमी ऐकतो. आज मी घटलेल्या साखरेविषयी बोलणार आहे. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे शरीर पोखरते. घटलेली साखर मात्र अल्पावधीत माणसाची शुद्ध हरपवू शकते.

हा धोका प्रामुख्याने इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फार कमी असतो. आपण कोणते औषध घेतो, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

अनेक घरांत घडणारा एक प्रसंग सांगतो. निवृत्त गृहस्थ, वीस वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्शुलिन. दुपारी जेवणाला उशीर झालेला. पत्नी म्हणते, "अहो, जरा बोट टोचून बघता का?" ते चिडून म्हणतात, "मला काहीही झालेले नाही." त्यांना खरोखरच काही जाणवत नसते. तपासणी होते तेव्हा आकडा ५२ असतो. तीन महिन्यांच्या सरासरीचा त्यांचा अहवाल उत्तम आलेला असतो आणि त्याचा घरात सर्वांना अभिमानही असतो. परंतु सरासरी ही सरासरीच असते. वारंवार खाली गेलेले आकडे तिच्यात दडून जातात.

साखर घटल्यास काय करावे

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपचार करावा. ५४ च्या खाली जाणे गंभीर समजावे. हात थरथरणे, घाम, धडधड आणि एकाएकी लागलेली भूक ही पहिली लक्षणे होत. त्यानंतर मेंदूला साखर अपुरी पडते आणि शब्द अडखळतात, हिशेब चुकतो, दृष्टी अंधूक होते, स्वभाव चिडका होतो. दिल्लीत मे-जूनमध्ये घाम सर्वांनाच येतो आणि जानेवारीत हात सर्वांचेच कापतात. म्हणून शंका येताच तपासणी करावी. यंत्र जवळ नसेल तर साखर घटली असे समजून उपचार सुरू करावा.

१. हातातील काम थांबवून बसावे. सुमारे १५ ग्रॅम त्वरित शोषली जाणारी साखर घ्यावी : ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन लहान चमचे पाण्यात विरघळवून, अथवा अर्धा पेला फळांचा रस.

२. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा अद्याप ७० च्या खाली असल्यास तितकीच साखर पुन्हा घ्यावी.

३. साखर सावरल्यावर, पुढील जेवणास तासाहून अधिक अवकाश असेल तर एखादी पोळी किंवा बिस्किटे खावीत.

पेढा, बर्फी, लाडू वा चॉकलेट यांवर विसंबू नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावे. त्या गोळ्यांमुळे नेहमीची साखर पचण्यास विलंब होतो.

रुग्ण बेशुद्ध असल्यास किंवा त्यास गिळता येत नसल्यास तोंडात पाणी, साखर वा अन्य काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यास कुशीवर वळवावे, ११२ या क्रमांकावर मदत मागवावी, आणि घरी ग्लुकॅगॉन असून ते देण्याची माहिती असल्यास द्यावे. अशा वेळी इन्शुलिन मुळीच देऊ नये. गोळ्यांमुळे साखर तीव्र घटली असेल, तर रुग्ण शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात न्यावे. त्या गोळ्यांचा प्रभाव अनेक तास टिकतो आणि साखर पुन्हा घटू शकते. वृद्धांत व मूत्रपिंड दुर्बल झालेल्यांत विशेषतः.

पूर्वसूचना का हरवते

साखर घटू लागली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडते. धडधड आणि थरथर ही त्याचीच हाक असते. परंतु साखर वारंवार खाली जाऊ लागली की शरीर त्या पातळीला सरावते आणि हाक उशिरा देते, कधी देतच नाही. तोवर मेंदू गोंधळलेला असतो आणि स्वतःवर उपचार करण्याचे भानही उरत नाही. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळेही धडधड व थरथर झाकली जाऊ शकते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की ही पूर्वसूचना बहुतांशी परत मिळवता येते. १९९३-९४ च्या सुमारास इटली, ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनी दाखवून दिले की काही आठवडे साखर कटाक्षाने खाली जाऊ न दिल्यास लक्षणे पुन्हा जाणवू लागतात. मात्र जुन्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संप्रेरकांची संरक्षणशक्ती पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून लक्षणे परतल्यावरही तपासणी सोडू नये.

ती परत कशी मिळवावी

डॉक्टरांना भेटून आपणांस लक्षणे जाणवत नाहीत, हे स्पष्ट सांगावे. तक्रार सांगण्यात कमीपणा नाही. मात्रा कमी करून साखरेचे उद्दिष्ट काही काळ वर ठेवावे लागते. हे बदल मनाने करू नयेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन बंद करणे जीवघेणे ठरते.

जेवणापूर्वी, झोपताना, व्यायामाच्या आधी आणि डॉक्टर सांगतील त्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास साखर तपासावी. आकडा ७० च्या खाली असेल तर काहीही जाणवत नसले तरी उपचार करावा. शक्य असल्यास सूचनाध्वनी देणारे सततमापन यंत्र वापरावे.

प्रत्येक घटलेल्या आकड्यापुढे त्याचे कारण लिहावे. इन्शुलिन घेऊन घराबाहेर पडणे आणि वाहतुकीत अडकून जेवण चुकणे, हे महानगरात नित्याचे आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणे, एकादशी, नवरात्र, अधिक चालणे, मद्यपान हीही कारणे आढळतात. उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि साखर घटताच उपवास सोडावा.

नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद वा गाझियाबाद येथून वाहन चालवून ये-जा करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर ९० च्या वर असल्याची खात्री करावी. वाटेत शंका आल्यास वाहन बाजूला घ्यावे. साखर सावरल्यावरही मेंदू पूर्ववत होण्यास पाऊण तास लागू शकतो. तोवर वाहन चालवू नये. ज्यांची पूर्वसूचना हरवली आहे, त्यांनी ती परतेपर्यंत व डॉक्टर अनुमती देईपर्यंत वाहन चालवूच नये.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना फरक जाणवू लागतो. काहींना तीन महिनेही लागतात. पहिली खूण सूक्ष्म असू शकते : वर्तमानपत्राची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाणे, परिचिताचे नाव न आठवणे. आपली खूण ओळखावी आणि घरच्यांनाही सांगून ठेवावी.

शेवटची विनंती घरातील मंडळींना. रुग्ण चिडला म्हणून वाद घालू नका; साखर हाती द्या, राग नंतर ओसरेल. आणि रुग्णांना विनंती, की शांत असताना आपल्या माणसांना एक वचन देऊन ठेवा : "तू तपास म्हणालीस, की मी तपासेन." पूर्वसूचना परत येईपर्यंत ती हाक आपल्या माणसांच्या तोंडूनच ऐकावयाची आहे.

जवळच्या शासकीय रुग्णालयातील असंसर्गजन्य रोग चिकित्सालयात याविषयी अवश्य विचारणा करावी.