पुढच्या पानाची वर्दी

शाळेच्या ग्रंथालयाचें काम माझ्याकडे होतें, त्या वेळचा एक प्रसंग सांगून आरंभ करतों. पुस्तकें वरच्या मजल्यावर आणि सूचीच्या कार्डांचे खण खालीं, माझ्या टेबलाजवळ. एका दुपारीं मला एकाच विषयावरचीं बरींच पुस्तकें हवीं होतीं. मीं एक कार्ड पाहावें, चिठ्ठी लिहावी, शिपायास वर धाडावें, आणि तो येईपर्यंत स्वस्थ बसावें. आलेलें पुस्तक चाळून झालें म्हणजे दुसरें कार्ड पाहावें. सातव्या खेपेस तो वृद्ध गृहस्थ जिन्याचा कठडा धरून म्हणाला, "मास्तर, पुढच्या चिठ्ठ्या हातांत होत्याच ना? मग आधीं कां नाहीं दिल्यात?" मला उत्तर सुचलें नाहीं.

श्रोतेहो, हाच प्रश्न संगणकाच्या डेटाबेसलाहि विचारतां येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत १९८६ सालीं मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं पोस्टग्रेस हा प्रकल्प सुरू झाला. त्यांतूनच पुढें पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस निघाला. त्यांत माहिती पानापानांनीं सांठविलेली असते. एक पान सामान्यतः ८ किलोबाइटचें. सूची, म्हणजे इंडेक्स, ही निराळी. तींत शब्द किंवा तारखा क्रमानें लावलेल्या असतात, आणि प्रत्येकीपुढें मूळ नोंद कोणत्या पानावर आहे त्याचा पत्ता असतो. सूची क्रमवार असली तरी मूळ पानें मात्र इतस्ततः विखुरलेलीं असूं शकतात.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारें ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा येण्यास सरासरी अर्धा फेरा, आणि वाचणारा दांडा हलविण्याचा वेळ निराळा. असें धरून एका पानामागें साधारण १० मिलिसेकंद होतात. हजार नोंदी हजार निरनिराळ्या पानांवर असल्या आणि एकेक पान मागून वाट पाहत बसलें, तर दहा सेकंद गेलीं! तबकडी नसलेल्या नव्या साधनांत हा वेळ पुष्कळच कमी; पण तीं साधनें एकाच वेळीं अनेक मागण्या पुरवूं शकतात, आणि आपण एकच मागणी करावी, हा त्यांच्या शक्तीचा अपव्ययच नव्हे काय?

सलग वाचन चाललें असेल, तर पुढचें पान लागेल असा तर्क करून संगणक तें आधींच आणून ठेवतो. विखुरलेल्या पानांत हा तर्क चालत नाहीं. पण येथें तर्काची गरजच कोठें आहे? पोस्टग्रेसक्यूएल आपल्या नेहमींच्या सूचीचें एक पान उघडतांच त्यांतील जुळणारे सारे पत्ते एकदम टिपून घेतो. म्हणजे पुढच्या चिठ्ठ्या हातांत असतात! एक पान वाचीत असतां पुढच्या पानांची वर्दी देऊन ठेवणें, यालाच प्रीफेच म्हणतात.

यावर एक जुना उपाय आहे. सूचींतील पत्ते प्रथम गोळा करावे, पानांच्या क्रमानें लावावे, आणि मग तीं पानें आणावीं. या पद्धतींत आगाऊ वर्दी देण्याची सोय २००९ च्या ८.४ या आवृत्तीपासून आली. परंतु यांत सूचीचा क्रम नाहींसा होतो. ज्यास तारखेच्या क्रमानें पहिल्या दहाच नोंदी हव्या आहेत, त्याच्या कामीं ही पद्धत सहसा येत नाहीं. २०२५ सालच्या १८ व्या आवृत्तींत मागणी देऊन दुसरें काम करीत राहण्याची नवी व्यवस्था झाली. तिचा लाभ सलग वाचनास आणि या गोळा करण्याच्या पद्धतीस मिळाला. सूचीच्या क्रमानें चालणारें साधें वाचन त्या आवृत्तींतहि एकेक पानच मागत राहिलें.

याचें कारण आळस नव्हे. दहा नोंदी हव्या असतां शंभर पानांची वर्दी दिली, तर नव्वद खेपा फुकट, आणि त्याच साधनावर अवलंबून असलेले दुसरे लोक खोळंबतात. फार आधीं आणलेलें पान वाचण्यापूर्वींच जागेअभावीं बाहेर टाकावें लागतें. जें पान आधींच हाताशीं आहे, तें पुन्हां मागणेंहि व्यर्थ. म्हणून शहाणा कारभारी थोड्या चिठ्ठ्यांनीं आरंभ करतो. वाचणारा पुढें जातच आहे आणि वाट पाहावी लागत आहे असें दिसलें, तरच चिठ्ठ्या वाढवितो.

मीहि दुसऱ्या दिवशीं शिपायाच्या हातीं एकदम पांच चिठ्ठ्या दिल्या. एक पुस्तक नको होतें, तें मीं स्वतः वर नेऊन ठेवलें. त्या एका फेरींत मला कळलें, कीं दूरदृष्टि असावी, पण तिच्या चुकीची खेप कोणाच्या पायांवर पडते याचें भानहि असावें.