परळीची राख, पुण्याची गच्ची



परळी वैजनाथात गच्चीवर सोलर बसवलं, तर सोबत एक फडकंही ठेवावं लागतं. पॅनेलवरून बोट फिरवलं की करडी रेघ उमटते. ही इथल्या औष्णिक वीजकेंद्राची, म्हणजे थर्मलची राख. ती साचली की वीज कमी तयार होते, हे मीटरवर लगेच दिसतं. श्वासातून छातीत किती गेली, ते मोजणारं मीटर कुठल्याच घरात नाही.

परळीत १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. आपल्याकडचा कोळसा १०० टन जाळला, तर ३० ते ४० टन राख उरते. चिमणीतली बहुतेक राख यंत्रं अडवतात. निसटते ती अगदी बारीक, आणि घातकही तीच. अडीच मायक्रॉनहून लहान कणाला नाक अडवू शकत नाही. तो फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. दमा बळावतो, हृदयावर ताण येतो, लहान मुलांचा खोकला हटत नाही.

आता गंमत बघा. परळीकरांनी आपापल्या गच्च्या पॅनेलनी झाकल्या, तरी तेवढ्यानं इथली हवा निवळणार नाही. इथली वीज साऱ्या राज्यात जाते. पुण्यातल्या सोसायटीनं दुपारी स्वतःच्या पॅनेलवर लिफ्ट चालवली, की ग्रिडवरची मागणी तेवढी उतरते आणि कुठल्या तरी थर्मलमध्ये कोळसा कमी जळतो. बिल वाचतं पुण्याचं, छाती वाचते परळीसारख्या गावाची. केंद्राच्या सूर्यघर योजनेत गच्चीवर सोलर बसवायला घराला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्या हिशेबात परळीचा खोकला कुणी धरत नाही, आणि तो धरायला हवा असं मला वाटतं. अर्थात सूर्य मावळला की पुन्हा थर्मलच. साठवणुकीच्या बॅटऱ्या वाढल्या, तर रात्रीचा कोळसाही कमी होईल.

शिवाय चिमणी थांबली म्हणून राख थांबत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी इथले सगळे संच बंद पडले होते. पण यंत्रांनी अडवलेली राख ज्या तळ्यात साठवतात, तिथली राख तिथेच राहिली. तळं सुकलं की वारा ती उचलतो, आणि राख वाहणारा उघडा हायवा ट्रक ती रस्ताभर सांडत जातो. टंचाईच्या तालुक्यात तळं कायम ओलं ठेवणं सोपं नाही, कबूल. हायव्यावर निदान ताडपत्री तरी बांधा.