सुट्टीनंतरचा पहिला आठवडा
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर साठ वेळा आपली दारे उघडलेली असतात. दरवेळी त्या दारातून काही मुले धावत आत येतात, तर काहींचे पाय उंबरठ्यापाशी अडखळतात. आजचा विषय या अडखळणाऱ्या मुलांचा आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत हा प्रश्न अधिक नाजूक असतो. येथील अनेक मुले सुट्टीत आजोळी जातात. आजीच्या म्हणी, मामेभावंडांशी झालेली भांडणे, एस.टी. स्थानकावरचा गलबला, सारे काही मराठीत त्यांच्या कानी पडते. परत आल्यावर दुकानातली भाषा बदलते, खेळाच्या मैदानावरची बदलते. वेळापत्रकाबरोबर कानांनाही नव्याने जुळवून घ्यावे लागते.

शाळा उघडण्याचा अर्थही सर्वत्र एक नसतो. दिल्लीत शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. १ जुलैच्या सुमारास मूल परततो ते ओळखीच्या वर्गात. गुजरातमध्ये जूनमध्ये वर्ग नवा, शिक्षक नवे आणि पुस्तकेही नवी. तेथे मुलाला अधिक अवधी द्यायला हवा.

पहिली तयारी झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचे असेल, तर रात्री नऊपर्यंत अंथरुणावर पाठ टेकलीच पाहिजे. गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारणारे मूल आदल्या रात्री दटावून झोपत नाही. शाळेच्या आठवडाभर आधीपासून उठण्याची आणि निजण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणावी, सकाळी त्याला उजेडात न्यावे आणि निजण्यापूर्वी मोबाईल दूर ठेवावा.

दुसरी गोष्ट पोटदुखीची. शाळेच्या वेळी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, म्हणून ते ढोंग ठरत नाही. भीतीनेही पोट खरोखर दुखते. अशा मुलाची चेष्टा करू नये, तसेच ताप वा अन्य आजार नसेल तर त्याला घरीही ठेवू नये. फाटकापाशी निरोप थोडक्यात घ्यावा, कोण आणि केव्हा न्यायला येणार ते सांगावे, आणि ती वेळ पाळावी. शिक्षकांना कल्पना द्यावी. दोन-तीन आठवड्यांनंतरही त्रास टिकला, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि वर्गात कोणी छळत तर नाही ना, याचीही चौकशी करावी.

तिसरी जबाबदारी शाळेची. पाढे, हातच्याची वजाबाकी, शुद्धलेखन ही सरावाने टिकणारी कौशल्ये सुट्टीत मंदावतात आणि सरावानेच परततात. पहिल्याच दिवशी चाचणी घेतल्याने मुलाला केवळ आपल्या विसरण्याची लाज वाटते. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीच्या वर्गात प्रथम शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि फसतो; वर्ग त्याच्याजवळ येतो तो गोष्टीमुळे. याच भावनगरात गिजुभाईंसोबत ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे ते महाराष्ट्रात रुजवले. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेने हा वारसा आपला मानावा. पहिला आठवडा गोष्टी, गाणी आणि उजळणीसाठी राखावा.

त्या आठवड्यात एक प्रश्न मात्र जपून विचारावा. ‘सुट्टीत कुठे गेला होतास?’ या प्रश्नापुढे, परवडत नसल्यामुळे घरीच राहिलेले मूल मान खाली घालते. ‘सुट्टीत नवीन काय पाहिलेस, कोणता नवा शब्द ऐकलास?’ असे विचारले, तर खिडकीतल्या चिमणीच्या घरट्याबद्दलही बोलता येते. आजोळहून आलेला एखादा अनोळखी शब्द फळ्यावर लिहावा. तो अशुद्ध म्हणून पुसू नये. मुलाने आणलेली मराठी वर्गात स्वीकारली गेली, तरच पुढील दहा महिने ती त्याच्या तोंडी राहील.

माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी या आठवड्यातील एक तास शाळेला द्यावा. भाषण करू नये. एक गोष्ट सांगावी, मुलांच्या दोन ऐकाव्यात. उंबरठ्यापाशी अडखळणाऱ्या मुलाला त्यामुळे एवढे कळेल की या वर्गातून गेलेली माणसे आनंदाने येथे परत येतात.