टोपलीने शिकविलेला धडा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आज आपण ज्यांचा गौरव केलात त्या विद्यार्थ्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. आपणांस उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणते. तथापि वस्तुरचनेच्या शिक्षणक्रमात आम्ही चौघा विद्यार्थ्यांनी मिळून जो एक प्रकल्प केला, त्याची हकीकत आपणांपुढे ठेवावी असे वाटते. तीत माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

आमच्या प्रकल्पाचा विषय होता शाश्वत वस्तुरचना. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध येऊ नये, हा विचार संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाने 1987 साली जगापुढे मांडला. त्याला अनुसरून मंडईतील भाजीविक्रेत्यांच्या प्लास्टिकच्या क्रेटला पर्याय शोधावा, असे आम्ही ठरविले. साहित्य म्हणून बांबू निवडला. बांबू एका हंगामातच पुरता उंच होतो, तीन-चार वर्षांत पक्व होतो आणि तोडला तरी त्याच बेटातून पुन्हा कोंब फुटतात. शिवाय 2017 साली वनकायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने शेतकऱ्यालाही तो लावणे-तोडणे सुकर झाले आहे.

पहिल्याच बैठकीत एका सहाध्यायाने विचारले, “बांबूचे काम जाणणारे कोणी आपल्या ओळखीचे आहे का?” आणि मी गप्प राहिले. माझ्या आजीचे सारे आयुष्य पुण्याच्या बुरूड आळीत सुपे, रोवळ्या आणि पाट्या विणण्यात गेले. त्याच कमाईवर माझ्या वडिलांचे शिक्षण झाले. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

मग आम्ही पुस्तके चाळली, बाजारातून तयार पट्ट्या आणल्या आणि चौकोनी, सुबक पेटी बनविली. पाणी लागू नये म्हणून तिला इपॉक्सीचा चकचकीत लेप दिला. परीक्षणात वाहवा झाली. परंतु पावसाळा लागला आणि लेपाला तडे गेले, ओल आत शिरली, पेटीखाली पिवळसर भुगा सांडू लागला. बांबूला कीड लागली होती.

ती पेटी उचलून मी घरी आणली. आजीने ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाली, “पोरी, बांबू कोवळा हाय, आन् पाण्यात भिजवलेला न्हाय. त्यातल्या गोडीला किडा येतो.” नंतर तिने एक मोडलेली पट्टी बोटाने दाबली आणि विचारले, “ही मोडली, तर दुसरी घालायची कशी?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. लेपाने सगळ्या पट्ट्या एकमेकींना जखडून टाकल्या होत्या. आमची पेटी दुरुस्त होत नव्हती आणि टाकून दिली तरी मातीला मिळत नव्हती. आजीच्या काळी कणगी शेणामातीने सारवीत. सारवण झिजले की पुन्हा सारवीत. सुपाचा काठ सुटला तर नवा बांधून देत. ‘शाश्वत’ हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, पण तिचे सारे काम त्याच अर्थाचे होते.

दुसऱ्या दिवशी मी सहाध्यायांना सारे सांगितले. कोणीही मला हिणवले नाही, उलट, “आधी का बोलली नाहीस?” असे म्हणून सगळे आजीपुढे येऊन बसले. दुसरा नमुना आम्ही पक्व बांबूचा केला. तो पावसाळ्यानंतर तोडलेला आणि कित्येक आठवडे पाण्यात भिजविलेला होता. लेप दिला नाही, आणि काठ व तळ वेगळे सोडविता येतील असे बांधले.

हा नमुना सर्वांगांनी यशस्वी झाला, असे मी म्हणणार नाही. तो क्रेटसारखा एकावर एक नीट रचता येत नाही. प्लास्टिकचा क्रेटही वर्षानुवर्षे वापरला जातो. एकदा वापरून फेकण्याच्या पिशवीच्या पंक्तीला त्याला बसविणे न्यायाचे नव्हे. म्हणून लांबच्या वाहतुकीचा आग्रह सोडून आम्ही ती टोपली मंडईतील गाळ्यावर माल मांडण्यासाठी योजली. तेथे ती चांगली चालली.

खरी अडचण हिशेबात निघाली. आमच्या पहिल्या ताळेबंदात लेपाची किंमत काळजीपूर्वक मांडली होती. विणणाऱ्याची मजुरी मात्र अंदाजाने, सर्वांत शेवटी टाकली होती. तिथे एका कुशल कारागिराचे दिवसभराचे रास्त वेतन लिहिताच टोपलीची किंमत क्रेटच्या कितीतरी वर गेली. कारागिराला उपाशी ठेवूनच जी वस्तू स्वस्त राहते, तिला शाश्वत कसे म्हणावे? निसर्ग राखला आणि विणणारा हात गमावला, तर पुढच्या पिढीच्या हाती काय उरेल?

1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने आपल्या सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याच्या घडणीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या अहवालातूनच पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय संरचना संस्था उभी राहिली. परक्यांना आपल्या लोट्याचे मोल कळले. आपल्या सुपाचे मोल आपणांस कळावयास हवे.

मंडळास माझी नम्र विनंती एवढीच. हयात असलेल्या जाणत्या कारागिरांकडून बांबूची पारख, तोडणीचा काळ आणि विणीचे प्रकार त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. आपल्या समाजातील शिकत्या मुलामुलींनी हे काम करावे. आणि जे विद्यार्थी आमच्यासारखे शिकावयास येतील, त्यांच्याकडून कारागिराच्या वेळेचे मोल अवश्य घ्यावे. ज्याला हा धंदा करावयाचा नसेल त्याने तो खुशाल सोडावा; पण तो लपवू नये.

आज माझी आजी समोरच बसली आहे. त्या पहिल्या बैठकीत जे बोलावयास हवे होते ते आता सर्वांसमक्ष बोलते: बांबूचे काम जाणणारे माणूस माझ्या ओळखीचे आहे, ती माझी आजी आहे.